गेटच्या आतलं चर्च

पायी मुंबई बघायची म्हटली की सगळे फोर्टला पळतात. मी रविवारी मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरलो आणि महाकालीच्या, म्हणजे जुन्या कोंडिविट्याच्या, लेण्यांकडे निघालो. 19 बौद्ध लेणी. नवव्यात स्तूपाभोवती चक्क दगडातच कोरलेली गोल झोपडी आहे, जाळीच्या खिडक्यांसकट!

पण त्याच कोंडिविट्याचं चर्च बघायला मात्र आयडी कार्ड लागतं. ते सीप्झच्या आत आहे. पोर्तुगीज जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. 1840 च्या सुमारास साथ आली आणि लोक गाव सोडून मरोळला आले. मूर्ती, बाप्तिस्म्याचं पात्र सोबत आणलं, नवं चर्च उभारलं. जुन्याचं छप्पर गेलं, भिंतींवर झाडं चढली. 1973 मध्ये सीप्झ आलं आणि अवशेष कुंपणाआड गेले.

मरोळचे ईस्ट इंडियन वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी काढून तिथे मिस्साला जातात. माझ्या गळ्यात सीप्झचं कार्ड तीन वर्षं आहे. रोज गेटवर पंच करतो, कॅन्टीनला जातो, परत येतो. चर्चपर्यंत एकदाही गेलो नव्हतो. सोमवारी लंच ब्रेकमध्ये गेलो.