हिरव्या रंगाचं मूळ गाव

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. मीही शाळेत वर्षानुवर्षं तेच शिकवलं. मराठी माध्यमातून बी.ए. केलेलं, त्यामुळे विज्ञानाशी संबंध वाचनापुरताच. पण आज एक वेगळाच इतिहास सांगावासा वाटतो आहे, पानाच्या हिरव्या रंगाचा.

पानाच्या पेशींत हरितलवकं असतात. सूर्यप्रकाशावर झाडाचं अन्न तयार करायचं काम त्यांचं. १८८३ साली शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवलं की पेशी ही लवकं नव्यानं घडवत नाही. असलेल्या लवकाचेच दोन भाग होतात. मग ती पेशीची स्वतःची, की बाहेरून येऊन राहिलेली? ही शंका त्यानं एका तळटीपेत नोंदवली. तळटीप कोण वाचतो?

१९०५ साली रशियातल्या कझान इथल्या मेरेझकोव्स्कींनी मात्र ठामपणे लिहिलं, की हरितलवक म्हणजे फार पूर्वी पेशीत शिरून तिथंच राहिलेलं नीलहरित शैवाल. त्यांचा अभ्यास दगडफुलाच्या जातीचा होता. गोड्या मसाल्यातलं आपलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसारच. तो रोज पाहणाऱ्याला अशी कल्पना सुचली यात नवल नाही.

पण पुरावा कुठे होता? १९२५ साली अमेरिकेतल्या विल्सन यांनी पेशीवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात असल्या कल्पना जवळजवळ उडवून लावल्या. तरी पुढे कधीतरी त्यांचा विचार करावा लागेल, अशी फटही ठेवली. जाणत्या माणसाचं लक्षण!

ती फट १९६२ साली उघडली. रिस आणि प्लॉट यांना एका शैवालाच्या हरितलवकात डीएनए सापडलं. म्हणजे या भाडेकरूकडे स्वतःचं दप्तर होतं! १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी (तेव्हाचं नाव लिन सेगन) सगळे धागे जुळवून लेख लिहिला. पंधराएक नियतकालिकांनी तो नाकारला होता, असं त्या सांगत. त्या वेळी त्या अवघ्या २९ वर्षांच्या होत्या. पुढे १९७५ साली बोनेन आणि डूलिटल यांनी एका लाल शैवालाच्या लवकातला आरएनए तपासला. त्याचं नातं पेशीच्या केंद्रकाशी नव्हे, जिवाणूंशी जुळलं.

आपल्याकडे आडनावावरून मूळ गाव कळतं ना, तसंच हे. माणूस चार पिढ्या मुंबईत राहिला तरी आडनाव गावचं. हरितलवकाची बहुतेक जनुकं मात्र काळाच्या ओघात केंद्रकात गेली. किल्ल्या घरमालकाच्या कमरेला, त्यामुळे आता घर सोडून जायचीही सोय उरली नाही. पाहुणा घरचाच झाला.

शिंपरना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. एका सागरी मोहिमेत आफ्रिकेला गेले असताना त्यांना मलेरियानं गाठलं. मग प्रकृती सावरलीच नाही आणि १९०१ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, बाझेलला ते वारले.

आणि आता ऐका. १९९६ साली मलेरियाच्या परजीवीतही एक लवक असल्याचं सिद्ध झालं! रंग नाही, सूर्यप्रकाशाशी संबंध नाही, पण वंश शैवालाचाच. त्याच्याशिवाय परजीवी जगू शकत नाही. डॉक्सिसायक्लिन हे खरं तर जिवाणूंवरचं औषध, पण ते मलेरियावर चालतं, कारण त्याचा घाव या लवकावर बसतो.

ज्यानं लवकांचा माग काढायला सुरुवात केली, त्याचा बळी घेणाऱ्या रोगजंतूच्या पोटातही लवकच होतं. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

असो. कुणी जाणकार असेल तर यात भर जरूर घालावी.