स्वीडिश अकारविल्हे आणि मराठी दप्तर

मराठी माणसांनी महाजालावर जी संमेलनस्थाने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्याच जबाबदारीवर उभी केली, त्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी तेथल्या साहित्याविषयी, तेथल्या वादांविषयी आणि तेथल्या टोपणनावांविषयी लिहिले गेले. परंतु ज्या यंत्रणेवर ही स्थाने चालत होती ती मुळात मराठीसाठी घडविलेलीच नव्हती, आणि तिला मराठी वळण लावण्याचे काम नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून, विनावेतन चालले होते, ही गोष्ट त्या लेखनात क्वचितच येते. १९९६ च्या गणेशचतुर्थीस अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत मायबोली सुरू केली. २००४ साली महेश वेलणकर यांचे मनोगत आले. २००७ साली चंद्रशेखर ऊर्फ तात्या अभ्यंकर यांनी मिसळपाव काढले, त्याच वर्षी उपक्रमही सुरू झाले आणि २०११ साली ऐसी अक्षरे. या पाचांनीही केव्हा ना केव्हा एकाच घराण्याच्या आज्ञावलीचा, म्हणजे द्रुपलचा, आश्रय घेतला, आणि म्हणून त्यांच्या डागडुजीचा इतिहास हा बराचसा एकच इतिहास आहे.

द्रुपलचा जन्म बेल्जियममधील अँटवर्प येथला. ड्रीस बाउटार्ट नामक विद्यार्थ्याने २००० च्या सुमारास वसतिगृहातील सोबत्यांना परस्परांशी निरोपांची देवघेव करता यावी म्हणून एक छोटा फलक रचला, आणि जानेवारी २००१ मध्ये त्याची संहिता सर्वांस खुली केली. मूळ गाभा लहान ठेवावा, आणि ज्याला जे अधिक हवे असेल त्याने ते गाभ्यास न दुखवता बाहेरून जोडावे, ही या रचनेतील मुख्य कल्पना. लेख साठविला जात असता, प्रतिसाद दाखविला जात असता, सभासद आत येत असता गाभा ठरावीक ठिकाणी क्षणभर थांबतो आणि जोडलेल्या प्रत्येक भागाला, म्हणजे मॉड्यूलला, विचारतो, की तुला येथे काही करावयाचे आहे काय. या थांब्यांना जाणकार 'हुक' म्हणतात. कोणी आधी बोलावे आणि कोणी नंतर, याचाही निवाडा दप्तरात नोंदलेला असे: प्रत्येक मॉड्यूलच्या नावापुढे एक 'भार' लिहिलेला असून, हलक्याचा मान पहिला आणि जडाचा नंतरचा. दोन मॉड्यूले एकमेकांचे लिखाण पुसून टाकीत आहेत अशी तक्रार आली, की पुष्कळदा त्यांपैकी एकाचा भार एका अंकाने वाढविणे एवढाच तिचा निकाल असे. मात्र तो अंक कोठे लिहिलेला आहे हे कळण्यास एखादी रात्र जाई.

सभासदांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, हवे होते, मिसळपाववर खरडवही हवी होती, मायबोलीवर विचारपूस आणि गप्पांसाठी वाहते पान, म्हणजे जुना मजकूर मागे सोडीत जाणारे पान, हवे होते. मोकळ्या गप्पांची ही मराठी हौस द्रुपलच्या गाभ्यात कोठेच नव्हती. खासगी निरोपांसाठी, पाहुण्यांच्या वहीसाठी आणि फळ्यासाठी जगात कोणी ना कोणी मॉड्यूल लिहून ठेविलेले असे. पण ते आणून बसविल्यावर त्यातील प्रत्येक सूचना मराठीत आणणे, ते देवनागरी नावांवर अडखळत नाही ना हे पाहणे आणि मूळ कर्त्याने ज्याची कल्पनाही केली नव्हती अशा गर्दीत ते टिकवून धरणे, ही सर्व तजवीज येथल्या कारभाऱ्यांनाच करावी लागे.

बिघाड शोधण्याची त्यांची रीत समजून घ्यायची तर मी जेथे बसून हे लिहितो त्या गावचे उदाहरण सोयीचे पडेल. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे वऱ्हाडात सर्वतोमुखी झाले, आणि दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सवात येथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची जी महापंगत बसते तिच्यासाठी दूरदूरची माणसे येतात. एवढ्या पंगतीत एखाद्या रांगेस भाजी पोचली नाही, तर कोणी भटारखाना बंद करीत नाही. त्या रांगेचे वाढपी कोण आणि भाजीचा ट्रॅक्टर कोठे अडला, याची चौकशी आधी होते. संकेतस्थळाचा कारभारीही तेच करतो. पान अकस्मात कोरे करकरीत पांढरे दिसू लागले, तर तो गाभ्यावर संशय न घेता जोडलेली सर्व मॉड्यूले बंद करतो आणि मग एकेक उघडीत जातो, आणि ज्याला उघडताच पान पुन्हा पांढरे होते त्याच्या नोंदी तपासतो. २००४ साली बेन वर्डमुलर आणि डेव्ह टॉश यांनी रचलेल्या एल्ग या समाजस्थळांच्या आज्ञावलीत तर यासाठी फारच सुटसुटीत सोय आहे: प्लगइनांच्या, म्हणजे तेथल्या मॉड्यूलांच्या, कपाटात 'डिसेबल्ड' या नावाची एक रिकामी फाइल ठेवली, की सारी प्लगइने एका दमात निजतात, आणि जिच्यात जाताच येत नव्हते त्या व्यवस्थापनाच्या खोलीचे दार उघडते.

अर्थात, ही रीत फ्रेंच वा जपानी कारभाऱ्यासही माहीत होती. मराठी दप्तराच्या खऱ्या व्याधी निराळ्याच होत्या, आणि त्यांतील सर्वांत मोठी व्याधी स्वीडनहून आली होती. ही स्थाने आपला सारा मजकूर मायएसक्यूएल नावाच्या विदागारात ठेवीत. ते विदागार एका स्वीडिश कंपनीने घडविले होते, आणि कारभाऱ्याने स्पष्ट हुकूम दिला नाही तर ते येणारा मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतील आहे असे गृहीत धरून स्वीडिश अकारविल्ह्याप्रमाणे लावून ठेवी. ऑक्टोबर २००४ मधील ४.१ या आवृत्तीपूर्वी तर त्याला युनिकोड धडपणे ठाऊकच नव्हते, आणि न सांगता स्वीडिश क्रम धरण्याची त्याची सवय २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत सुटली नाही. म्हणजे एखाद्याने विदर्भातील तालुक्याच्या गावी बसून आपल्या आजोळच्या आठवणी लिहिल्या, तर त्या दप्तरात रुजू होत त्या एखाद्या युरोपीय पत्राप्रमाणे. आणि गंमत अशी, की त्या परत वाचताना तितक्याच चुकीच्या दृष्टीने वाचल्या जात असल्यामुळे पडद्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसे. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते. ही झाकपाक उघडी पडे ती सर्व्हर बदलण्याच्या दिवशी. नवे विदागार मजकूर नीट वाचू लागे, आणि वर्षानुवर्षांच्या लेखांच्या जागी परकी, डोक्यावर तिरपी रेघ मिरविणारी अक्षरे वा नुसती प्रश्नचिन्हे उभी राहत.

या दोहोंत फरक फार मोठा आहे. परकी अक्षरे दिसली तर मूळ बाइट शाबूत आहेत असे समजावे आणि स्वस्थ चित्ताने उपाय करावा. प्रश्नचिन्हे दप्तरातच उतरली असतील तर जुनी प्रत शोधावी, कारण त्या चिन्हांमागे आता काहीच उरलेले नाही. उपायही मोठा युक्तीचा. त्या रकान्यास 'तू युरोपीय होतास, आता युनिकोड हो' असे थेट सांगितले, तर विदागार इमानेइतबारे भाषांतर करून चूक कायमची करून टाकते. म्हणून आधी त्याला सांगावयाचे की यात अक्षरे नाहीतच, नुसते बाइट आहेत, आणि ते मान्य झाल्यावर दुसऱ्या हुकमाने सांगावयाचे की हे बाइट युनिकोडचे आहेत. दरबारी मुत्सद्द्यास शोभावी अशी ही दोन पावलांची कैफियत मला फार आवडते, आणि तिने वाचलेल्या मजकुराची मोजदाद कोणी ठेवलेली नाही याचा विषादही वाटतो.

बाइटांचा हा हिशेब अन्यत्रही नडे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा नुसता हलन्त, साठविताना तीन बाइट खाते. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी १० चिन्हे असल्यामुळे तो ३० बाइटांचा होतो, आणि पानाच्या पत्त्यात सांकेतिक रूपाने गेला तर ९० अक्षरांचा. द्रुपलच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत शीर्षकासाठी १२८ जागा राखलेल्या होत्या. इंग्रजी लेखकास त्या ऐसपैस होत. पण दप्तर वर सांगितल्याप्रमाणे स्वीडिश भ्रमात असेल, तर मराठी लेखकाचे शीर्षक बेचाळिसाव्या चिन्हानंतर कापले जाई. एखादे परके मॉड्यूल लेखाचा आरंभीचा अंश दाखविण्यासाठी बाइट मोजून मजकूर तोडी, आणि तो तुकडा चिन्हाच्या मध्यावर पडला की वाक्याच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येई. मात्रा म्हणजे अक्षर नव्हे, अशी समजूत असलेली शोधयंत्रे एका शब्दाचे तीन-चार लचके तोडून ठेवीत, ते वेगळेच.

आणि मग 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक 'अ' वर चंद्र बसवीत, आणि तो नीट बसावा म्हणून काही टंकनसाधने मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालीत. डोळ्यांना सारखीच दिसणारी ही रूपे यंत्रास सर्वस्वी भिन्न. त्यामुळे एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातील लेख सापडत नसे. याहून गमतीची गोष्ट सभासदत्वाच्या दारात घडे. एकाच्या नावात अदृश्य चिन्ह घालून दुसऱ्याने तोतया बनू नये, या शहाणपणाच्या हेतूने द्रुपलने सभासदनामांतून अदृश्य चिन्हांचा एक संपूर्ण प्रांतच वर्ज्य केला होता, आणि आपले जोडचिन्ह नेमके त्याच प्रांतात राहते. परिणामी 'अ‍ॅ' ने आरंभ होणारे नाव त्या जुन्या रीतीने टंकून कोणी सभासद होऊ पाहील, तर नावात अवैध चिन्ह असल्याचे त्याला कळविले जाई. बिचारा पुनःपुन्हा आपले नाव न्याहाळी.

लिहिण्याच्या साधनाविषयी थोडे तरी सांगितलेच पाहिजे. विंडोज एक्सपीच्या काळात तालुक्याच्या गावच्या सायबर कॅफेतील संगणकांवर देवनागरीची सोय मुद्दाम चालू करावी लागे, आणि ती चालू केलेली नसे. तेथे मराठी लिहायचे तर साधन संकेतस्थळानेच पुरविणे प्राप्त होते. ओंकार जोशी यांचे 'गमभन' हे त्या निकडीतून वाढलेले साधन. रोमन कळा दाबल्या की चौकटीत मराठी उमटे, आणि ते द्रुपल, वर्डप्रेस इत्यादींना जोडता येत असल्यामुळे संकेतस्थळांवर व अनुदिनींवर त्याचा प्रसार झाला. मनोगतावर शुद्धिचिकित्सेचीही सोय होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत हिवऱ्यासारख्या गावी लिहिता लिहिता वीज गेली म्हणजे अर्धा लेख नाहीसा होई. मजकूर आपोआप साठविणारे मॉड्यूल ही शहरवासीयांना चैन वाटली असेल, वऱ्हाडात ती गरज होती.

आता गाभ्यास हात लावण्याचा प्रश्न. द्रुपलच्या पंथात एक विनोद प्रचलित होता, की तुम्ही मूळ संहितेत फेरफार कराल तेव्हा तेव्हा परमेश्वर मांजराचे एक पिल्लू मारतो. उपदेश रास्त होता. कारण गाभ्यातच केलेली दुरुस्ती नवी आवृत्ती चढविताच पुसली जाते, आणि ती जपण्यासाठी नवी आवृत्ती टाळणारा कारभारी एका जुन्या घरात कोंडला जातो. तरीही ज्यांनी आरंभीच्या वर्षांत गाभ्यातच पाचर मारून मराठी चालविली त्यांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जेथे हुकच ठेवलेला नव्हता तेथे बाहेरून जोडायचे तरी कशास? अँटवर्पच्या मंडळींना आपली अडचण कळवावी, त्यांनी ती मान्य करावी आणि पुढील आवृत्तीत थांबा निर्माण व्हावा, या मार्गास वर्षे लागत, आणि सभासद तर आज संध्याकाळी लिहावयास बसणार असे.

या कोंडीची किंमत १५ ऑक्टोबर २०१४ रोजी सर्वांना कळली. द्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एका गंभीर छिद्राची वार्ता भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेनऊच्या सुमारास प्रकट झाली, आणि पुढे अधिकृत खुलासा असा आला, की सात तासांच्या आत, म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी ठिगळ लावले नाही त्यांनी आपल्या घरात चोर शिरला असेच धरून चालावे. दिवाळी आठवड्यावर आली होती. रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार हा अवधी हौसेने संकेतस्थळ चालविणाऱ्यास एकतर फार सोयीचा असतो, कारण तो तेव्हाच कामास बसतो, नाहीतर सर्वनाशाचा, कारण तो त्या दिवशी लवकर झोपलेला असतो.

एवढे कष्ट कशासाठी, असे विचारणारे तेव्हाही होते. ऑर्कुट या समाजस्थळावर समूह फुकट मिळत असता सर्व्हरचे भाडे कोण भरणार, हा त्यांचा युक्तिवाद. ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, वर सांगितलेल्या रात्रीच्या पंधराच दिवस आधी, मालकाच्या मर्जीने बंद झाले, आणि तेथील मराठी समूहांचे दप्तरही कालांतराने गेले. स्वतःच्या सर्व्हरवरील स्थानांना तो धोका नाही, पण त्यांचा तगादा निराळा. द्रुपल ६ चा सार्वजनिक सांभाळ फेब्रुवारी २०१६ मध्ये संपला, द्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ रोजी. आणि या दोहोंच्याही आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, आलेली आठवी आवृत्ती सिंफनी या दुसऱ्याच पायावर रचलेली असल्यामुळे जुनी मॉड्यूले तिला जशीच्या तशी चालत नाहीत, प्रत्येक नव्याने लिहावे लागते. गाभ्याला वारस असतात, कंपन्या असतात. खरडवहीच्या वा वाहत्या पानाच्या मॉड्यूलला तो लिहिणारा एकटाच असतो, आणि तो आता गृहस्थाश्रमात गुंतलेला असतो. स्थलांतरापूर्वी अशा बेवारस मॉड्यूलांची यादी करावी, त्यांतील मजकुराचे तक्ते वेगळे काढून ठेवावेत, आणि ते तक्ते काढताना रकाने चार बाइटांच्या युनिकोडात आहेत की तीनच्या, हे आधी पाहून घ्यावे; तीनचे असतील तर मोबाइलवरून एखाद्याने हसरा चेहरा टाकला की त्यापुढचा सगळा प्रतिसाद दप्तर गुपचूप गिळून टाकू शकते.