शरीफजीराजांचे नाव

भातवडीच्या लढाईत शरीफजीराजे भोसले पडले. साल १६२४. एका बाजूला आदिलशाही आणि मोगल, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर, आणि अंबराच्या फौजेत शहाजीराजे व त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. अंबराने तलावाचे पाणी सोडून वाटा चिखलात घातल्या, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि लढाई मारली. शहाजीराजांचे नाव तेव्हापासून दख्खनभर झाले. शरीफजी मात्र रणातच राहिले. शिवरायांचे सख्खे काका, पण आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला धड एक ओळ येत नाही.

मला ते नाव पुस्तकात नाही, आजीच्या तोंडून कळले, तेही अहमदनगरपासून शेकडो मैल दूर, रायपूरच्या तेलीबांध्याला.

आजोबा नागपूरहून बंगाल नागपूर रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. बाकीचे मराठी नातलग तात्यापाऱ्यात राहत. आमचे बिऱ्हाड मात्र तेलीबांध्याला. रायपूरहून धमतरीकडे जाणारी छोटी लाईन १९०० सालची. तिच्यावरचे तेलीबांधा हे शहराच्या कडेचे स्टेशन, आणि जवळच तो तलाव, ज्याला छत्तीसगढीत बांधा म्हणतात. आज त्या तलावाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. संध्याकाळी तिथे आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, उंच तिरंगा फडकतो, आणि जिथून आमची गाडी शिट्टी देत निघायची त्या रुळांच्या जागी आता एक्स्प्रेस वे आहे. आमच्या लहानपणी तलावाच्या पायऱ्यांवर बायका धुणी धूत आणि आजी त्यांच्याशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या छत्तीसगढीत बोले.

आजी नागपूरच्या महाल भागातली. भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीत वाढलेली, म्हणून भोसल्यांच्या गोष्टी तिला घरच्यासारख्या. ती सांगायची, "मालोजीराजे नि उमाबाईसाहेब, दोघांच्या पोटी मूल नाही. देव झाले, नवस झाले. मग कोणी म्हणाले, नगरला शाह शरीफ नावाचे पीर आहेत, त्यांच्या पायाशी जा. राजे गेले. पुढे पहिला मुलगा झाला. म्हणाले, पिराचे नाव पिरालाच द्यायचे. पहिल्याचे नाव शहाजी. वर्षभराने दुसरा झाला, तो शरीफजी. नाव अर्धे अर्धे वाटून दिले बापा दोन भावांना."

ही गोष्ट ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही जवळपास याच शब्दांत आहे. मालोजींच्या पत्नीचे नाव कुठे उमाबाई, कुठे दीपाबाई असे येते. त्या फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. कोणी म्हणेल, ही नंतर रचलेली आख्यायिका. तशी शंका मला मान्य आहे, पण माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात भक्कम पुरावा त्या दोन नावांतच आहे. नुसता शहाजी असता तर निजामशाहीच्या चाकरीतल्या घराने दरबारी नाव घेतले असे म्हणता आले असते. पण पाठोपाठ जन्मलेल्या दोन भावांची नावे एकामागे एक उच्चारली की नगरच्या पिराचे संपूर्ण नाव होते. असा योग आपोआप जुळत नाही. आणि मालोजींना हे परके वाटण्याचे कारणही नव्हते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, ते मालोजींचे गुरू अशी परंपरा आहे. एकनाथांच्या गुरुपरंपरेत चांद बोधले आहेत. त्या काळच्या नगर-पैठण भागात पीर आणि गोसावी यांच्या दारात एकच माणसे जात होती.

शाह शरीफांचा दर्गा नगरजवळ दर्गादायरा येथे आहे, आणि शरीफजीराजांची समाधी भातोडीत, म्हणजे जुन्या भातवडीत. दोन्ही ठिकाणे एकाच नगर तालुक्यात. ज्यांच्या नावाने जन्म झाला आणि जिथे मरण आले, त्यांच्यातले अंतर एका दिवसाच्या रपेटीतही मावेल.

शरीफ या शब्दाचा अर्थ मला गार्डचाचांनी सांगितला. छोट्या लाईनवर गार्ड म्हणून आयुष्य काढलेले, कामठीचे, आजोबांचे सहकारी; आजी त्यांना गार्डभाऊ म्हणे. कामठीची त्यांची बोली, हिंदीत मराठी आणि मराठीत हिंदी. दुपारी चहाला आले की ओसरीच्या खांबाला टेकून बसत, टोपी गुडघ्यावर ठेवत आणि बशीत ओतलेला चहा फुंकर न घालता, थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवत. एकदा आजीची ही गोष्ट ऐकून म्हणाले, "भाभी, शरीफ याने ऊँचा. ऊँचे घर का. नुसता भला माणूस नव्हे."

आपल्याकडे शरीफ म्हणजे सभ्य, भांडणतंट्यात न पडणारा. अरबीत मात्र त्या मुळाशी उंची आहे, आणि उंचीतून आलेला मान. अशरफ, मुशर्रफ, शराफत, बसायला सांगताना म्हणतात ते तशरीफ, सगळे त्याच कुळातले. इस्लामपूर्व अरबस्तानातही शरीफ म्हणजे थोर घराण्याचा माणूस. पुढे तो शब्द पैगंबरांच्या वंशजांना लागू झाला. हिजाझात हसन यांच्या वंशजांना शरीफ आणि हुसेन यांच्या वंशजांना सय्यद म्हणण्याची रीत पडली. चौदाव्या शतकात इजिप्तचा सुलतान शाबान याने या वंशजांनी हिरवी खूण बाळगावी असा हुकूम काढला, आणि हिरवा फेटा ही शरीफांची ओळख झाली. मक्केवर दहाव्या शतकापासून १९२५ पर्यंत, वर सत्ता कैरोची असो की इस्तंबूलची, कारभार शरीफांचाच होता. १९१६ साली तुर्कांविरुद्ध बंड पुकारणारे शरीफ हुसेन त्याच घराण्यातले. जॉर्डनचे आजचे राजघराणे त्यांचे वंशज. मोरोक्कोचे सुलतानही आपली वंशावळ हसन यांच्यापर्यंत नेतात.

पदवी होती तोवर तो शब्द थोड्या घरांपुरता होता. नाव झाला आणि सुटला. पदवी मिळवायला वंश लागतो. नाव ठेवायला फक्त आईबापांची इच्छा पुरते. सिसिलीच्या नॉर्मन राजासाठी ११५४ साली जगाचा नकाशा करणारा भूगोलकार अल् इद्रीसी शरीफ म्हणून ओळखला जाई, कारण तो खरोखर त्या वंशातला होता. पण पुढे तुर्कस्तानात शेरीफ आणि मुलींसाठी शेरीफे, इंडोनेशियात स्यारीफ, पश्चिम आफ्रिकेत फ्रेंच वळणाने शेरीफ, अशी ती नावे शेतकऱ्या-कारागिरांच्या घरांतही पोचली. जावा बेटावर चेरिबोनच्या सुनन गुनुंग जाती या संताचे नाव स्यारीफ हिदायतुल्ला. जकार्तातले मोठे इस्लामी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. इजिप्तमध्ये १९३२ साली एका ख्रिस्ती घरात जन्मलेला मिशेल शलहूब पडद्यावर आला तो ओमर शरीफ म्हणून, आणि जगाने त्याला त्याच नावाने ओळखले. आणि आपल्याकडे तर माणसाच्याच काय, जागेच्या आणि ग्रंथाच्या नावामागेही शरीफ लागते. अजमेर शरीफ, कुराण शरीफ. नागपूरचा ताजबाग भाविकांच्या तोंडी ताजाबाद शरीफ असतो.

भातवडीच्या रणात आणखी एक अरबी नाव होते, आणि ते नवसाचे नव्हते. मलिक अंबर हबशी. जन्म सुमारे १५४८चा, इथिओपियातला, मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे मोलाचे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची चाल होती: काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आठवावा. मालकाच्या दृष्टीने तो मालाचा किमती तुकडा, म्हणून नावही किमती वस्तूचे. त्या नावाचा आवाज गोड आहे, पण त्यामागे एका मुलाचे आईने ठेवलेले नाव पुसलेले आहे. आणि तरी अंबराने त्या नावाला इतके मोठे केले की मोगल बादशहा जहांगीरची त्याच्यापुढे वर्षानुवर्षे चडफड झाली. एका बाजूला विकत घेणाऱ्याने दिलेले नाव, दुसऱ्या बाजूला कृतज्ञतेने मागून घेतलेले. दोन्ही अरबी, एकाच फौजेत. नावाचा अर्थ सांगताना कोशात बघतात, मला वाटते ते कोणी, कोणाला, कशासाठी दिले हे आधी बघावे.

आमच्या घराच्या वंशावळीतही असे एक नाव आहे. आजीच्या सासऱ्यांचे वडील फकीरराव. आजोबांच्या पेटीत पिवळ्या पडलेल्या कागदावर मोडीत लिहिलेली ती वंशावळ होती; गणपतराव, विठ्ठलराव, नारायणराव यांच्या मध्ये फकीरराव. मी विचारले तेव्हा आजी म्हणाली, "त्यांच्या आधीची दोन मुले राहिली नाहीत. म्हणून यांना मोहरमात फकीर केले."

फकीर करणे म्हणजे काय, हे तिने तिच्या सासूकडून ऐकले होते. मोहरमच्या दिवसांत मुलाला आंघोळ घालून हिरवा सदरा चढवायचा, गळ्यात लाल-हिरव्या दोऱ्यांचा नाडा घालायचा, हातात झोळी द्यायची आणि पाच घरी भिक्षा मागायला न्यायचे. मिळालेल्या दाण्यांचा आणि पैशांचा मलिदा किंवा शरबत करून ताबुतापुढे वाटायचे. मूल इमामांच्या पदरात टाकले, आता ते जगवतील, अशी भावना. मूल जगले की नाव फकीर, किंवा फकिरा. महाराष्ट्राच्या गावोगावी हिंदू घरांत हे होत असे. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबरीच्या नायकाचे नाव फकिरा आहे, ते त्या मातीतलेच.

दख्खनी मुसलमानांच्या या चालीरीतींचे पहिले सविस्तर वर्णन 'कानून-ए-इस्लाम' या पुस्तकात आहे. १८३२ साली लंडनला डॉ. हर्क्लॉट्स यांच्या भाषांतरात ते छापले गेले. बारसे, नाव ठेवणे, लग्न, मोहरमचे फकीर, सगळे त्यात बारकाईने येते. लेखकाचे नाव जाफर शरीफ. भोसल्यांच्या घरात नवसाने आलेले नाव दोनशे वर्षांनी एका दख्खनी लेखकाच्या नावात पुन्हा भेटते, आणि तो आपल्याला नवसाच्या नावांची रीत समजावून सांगतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

आजीच्या हिशेबात मालोजीराजे आणि नागपूरचे भोसले एकच. इतिहास इतक्या सहज ती दोन घराणी जोडून देत नाही. नागपूरकर हिंगणीच्या शाखेतले. पण तिच्या गोष्टीला पुढचा दुवा हवा होता आणि तो तिला माहेरी मिळाला होता. कामठीला १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीन बाबा फौजेतून बाहेर पडले, लोकांना वेडे वाटले, आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. तिथेच लोक दर्शनाला रांगा लावू लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १९२५ साली बाबा गेले. "बघ," आजी म्हणे, "मालोजीराजे पिराच्या दारात गेले होते. रघुजीराजांनी पिराला आपल्या दारात आणले." यावर गार्डचाचा मान डोलवत. त्यांच्या घरी बाबांची तसबीर होती आणि आमच्या देवघराच्या वरच्या भिंतीवरही. ताजबागच्या उरुसाला दोन्ही घरांतली माणसे एकाच डब्यातून नागपूरला जात.

अलीकडे आमच्या कुळातल्या एका नातलगाने वंशावळ नव्याने छापायचे काम हाती घेतले. कच्चा मसुदा सगळ्यांना पाठवला, त्यात फकीररावांच्या जागी प्रभाकरराव. विचारल्यावर उत्तर आले, उगाच प्रश्न नकोत, पुढच्या पिढीला समजावत कोण बसणार. मला वाईट वाटले आणि रागही आला. ज्या बाईची दोन मुले गेली होती, तिने तिसरे जगावे म्हणून जे काही होते ते केले, आणि जगल्यावर त्याचे ऋण नावातून फेडले. ते नाव खोडणे म्हणजे तिचा नवस खोडणे. शिवाय खोडायला बसले तर थांबणार कुठे? हैबतरावातली हैबत अरबी, दौलतरावातली दौलत अरबी, साहेबरावातला साहेब अरबी, फत्तेसिंहातली फत्ते अरबी. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरीला आजच्या थाटात नेण्याची रीत घालून दिली ती हैबतरावबाबा आरफळकरांनी. वारीतल्या त्यांच्या नावाला कोणी हात लावेल का?

मी हे सगळे लिहून पाठवले, सोबत मोडी कागदाचा फोटो आणि शरीफजीराजांची हकिगतही. बरेच दिवस उत्तर आले नाही. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. तिला फकीररावांच्या आईचे नाव हवे होते, कारण जुन्या कागदावर बायकांची नावेच नाहीत. ते मला ठाऊक नव्हते. धमतरीच्या आतेबहिणीकडे आजीच्या सासूने म्हणून ठेवलेल्या ओव्यांची वही आहे, तीत सापडेल असे मी तिला सांगितले, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघी धमतरीला जाणार आहोत. छापखान्याला तोवर थांबायला सांगितले आहे, फकीररावांचे नाव जसेच्या तसे ठेवून.