खाती आणि उत्तरदायित्व

नामपल्लीच्या बागेआममधील, १९१३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल पुढे हैदराबादच्या विधानसभेचे सभागृह झाला. तेथील खात्यांचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. पहिल्या सालारजंगाने १८६८ साली न्याय, महसूल, पोलीस व संकीर्ण ही चार खाती चार सद्रुलमहामांकडे सोपविली. १९१९ साली ‘बाबे हुकूमत’ हे कार्यकारी मंडळ आले. कामाची वाटणी झाली, पण जाब विचारण्याचा अधिकार निजामाकडेच राहिला. मराठवाड्याच्या रयतेला तो अधिकार १९५२ च्या निवडणुकीने लाभला. दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. खातेवाटपाने कारभार सुरळीत होतो. लोकांपुढे जाब द्यावा लागला म्हणजेच तो लोकांचा होतो, असे आम्हांस वाटते.