फास आणि चाप

सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नान्नज हें गांव लागतें. गांवाभोंवतीं झाडें थोडीं. खडकाळ माळ, कुसळीचें गवत आणि मधूनमधून ज्वारीचीं शेतें. या माळावर काळवीट चरतो, खोकड बीळ करून राहतें आणि लांडगा त्यांच्या मागावर हिंडतो. दख्खनच्या या लांडग्याला शास्त्रीय नांव मिळालें तें १८३१ सालीं, साइक्स नांवाच्या मुंबई लष्करांतील अधिकाऱ्याकडून. त्याच्या फार आधींपासून माळावरच्या जनावरांना ओळखणारे दोघे जण येथें होते. एक धनगर आणि दुसरा फासेपारधी. एकाला आपलें मेंढरूं वांचवावयाचें होतें. दुसऱ्याला जनावर धरावयाचें होतें.

पारध्याचें साधन दिसावयास अगदीं साधें. तातीचे फास एका लांब दोरीला ओळीनें बांधावयाचे, दोरी ठिकठिकाणीं खुंट्यांनीं जमिनींत रोंवावयाची आणि काळविटांच्या वाटेवर ती ओळ मांडून ठेवावयाची. फास उभा राहिला पाहिजे, पण दिसतां कामा नये. पाय पडतांच आवळला पाहिजे, पण तुटतां कामा नये. दुसरी युक्ति याहून चतुर. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानांतल्या कळपाकडे सोडीत. कळपांतील नर आगंतुकावर चालून येई आणि शिंगांसकट गुंतून पडे. चित्ताही असाच धरला जाई. चित्ते ज्या झाडाशीं वारंवार येतात तें झाड हेरून त्याच्या भोंवतीं फास पेरीत. बंदिवासांत चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. त्यामुळें संस्थानिकांच्या शिकारखान्यांना रानांतून जिवंत धरलेलाच चित्ता लागे. पाय मोडलेला चित्ता कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. म्हणून धरावें, पण दुखवूं नये, हा या धंद्याचा पहिला नियम होता.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी चापाची कला अशीच वाढत होती. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत स्यूएल न्यूहाउस या कारागिरानें १८२३ च्या सुमारास पाय धरणारे चाप घडविण्यास प्रारंभ केला. पुढें ओनायडा येथील एका पंथाच्या वसाहतींत त्यांचा मोठा कारखाना झाला आणि १८६५ सालीं न्यूहाउसच्या नांवानें शिकाऱ्यांसाठीं एक मार्गदर्शक ग्रंथही निघाला. तिकडचा कोयोटी हा प्राणी कोल्ह्याचा भाऊबंद, लांडग्याहून लहान आणि फार सावध. त्याच्यासाठीं हे चाप आजही डागडुजी करून वापरले जातात. दोन जबडे, त्यांना मिटविणारी कमान, मध्यें एक तबकडी आणि जबड्याला अडवून धरणारी जीभ, एवढाच त्याचा संच.

जुना चाप हातीं आला म्हणजे जाणता शिकारी कमानीच्या जोरावर समाधान मानीत नाहीं. तो जीभ तपासतो. ती झिजून गोल झाली असेल तर चाप भलत्या वेळीं सुटतो. म्हणून तिची कड कानशीनें घासून पुन्हां चौकोनी करावी लागते. मांडलेल्या चापाची तबकडी जबड्यांच्या पातळींत यावी लागते. ती उंच राहिली तर पाऊल पुरतें पडण्यापूर्वींच जबडे मिटतात आणि बोटेंच तेवढीं हातीं लागतात. तबकडीचा स्क्रू आवळून ताण असा ठेवतात कीं सुमारें एक किलोचा भार पडल्याखेरीज ती दबूं नये. मग वरून एखादा पक्षी गेला तरी चाप स्वस्थ राहतो. मिटलेल्या जबड्यांत थोडी फट ठेवतात, त्यांच्या कडा रुंद करतात आणि साखळींत फिरत्या कड्या घालतात, म्हणजे जनावर वळलें तरी पाय पिळवटत नाहीं. शेवटीं गंज काढून, झाडाच्या सालींबरोबर उकळून मेणाचा लेप देतात. या साऱ्या खटाटोपाचें मर्म एकच: चापाची किंमत त्याच्या जोरांत नसून मापांत आहे. पारध्याच्या फासांतही हेंच माप होतें. तेथें कानस आणि स्क्रू यांचें काम बोटें करीत, इतकाच फरक.

मारण्याला बक्षीस मिळूं लागलें म्हणजे मात्र मापाची गरज उरत नाहीं. ब्रिटिश सरकारनें लांडग्याच्या डोक्यावर इनाम लावलें. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या गणनेप्रमाणें १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत दोन लाखांहून अधिक लांडगे असे मारले गेले. इनाम मोजणाऱ्याला मुडदा पुरे होता. तो कसा पाडला याची चौकशी कोण करणार?

त्याच काळांत माणसांवरही एक चाप बसला. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्यानें त्याचा अंमल मुंबई इलाख्यावर आला. पारध्यांसारख्या फिरत्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरांत तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. तेथील माणसें गिरण्यांत राबत आणि हजेरीस परत येत. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं ही हजेरी बंद केली आणि पारध्यांना आपल्या पदरीं कामें दिलीं. इतर मुलखाला १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वर्षीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. कायदा उठला, पण ज्या हातांना चित्ता जिवंत धरतां येत होता त्यांना धरावयास चित्ताच उरला नव्हता.

पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फास व सापळा लावणें हेंही शिकारींत मोजलें. लांडगा आणि काळवीट यांना आश्रय मिळाला. १९७९ सालीं नान्नजच्या माळाचा समावेश माळढोक अभयारण्यांत झाला. जनावरांसाठीं तो कायदा आवश्यकच होता. परंतु पूर्वीं जन्मानें गुन्हेगार ठरलेला पारधी आतां धंद्यानें गुन्हेगार ठरला, आणि दुसरा धंदा त्याच्या हातीं कोणी दिला नाहीं.

याच कायद्यांत एक वाट मोकळी आहे: परवानगी घेऊन अभ्यासासाठीं जनावर धरतां येतें. नान्नजच्या लांडग्यांच्या गळ्यांत संशोधकांनीं रेडिओचे पट्टे बांधले, त्यांच्या कळपांच्या वाटा आणि बिळें नोंदविलीं. अशा कामासाठीं जबड्यांना रबर लावलेले चाप देशोदेशीं वापरतात. जनावर जिवंत धरावें, त्याचा पाय शाबूत राहावा आणि तें पुन्हां रानांत जावें, ही त्यांची अट. ही अट पाळण्याची विद्या या माळावर तातीच्या दोरींत पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या विद्येपायीं न्यूहाउसचें नांव ग्रंथावर गेलें. पारध्याचें नांव हजेरीच्या वहींत राहिलें.