पाळी थांबली, दोष कुणाचा? हायपोथॅलॅमसच्या शोधाची गोष्ट

हरसूलकडून एक तेवीस वर्षांची मुलगी सासूबरोबर तपासणीला आली होती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. भात-नागलीची कामे उरकली की घरातले सगळे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात. दिवसभर उभ्याने काम, सकाळी चहा, रात्री भाकरी. वजन ३६ किलो. पाळी सात महिने आलेली नव्हती. सासूबाईंनी एकच विचारले, "डॉक्टर, हिच्यातच खोट आहे का, तेवढं सांगा."

गर्भधारणेची तपासणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशय आणि बीजकोश चांगले होते. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनही नॉर्मल. फक्त बीजकोशांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स, एफएसएच आणि एलएच, फार कमी होती. म्हणजे बीजकोश ठीक होते, पण त्यांना वरून हुकूमच येत नव्हता. हा हुकूम कुठून येतो, हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. आज ती गोष्ट सांगतो.

दुष्काळाने शिकवलेला धडा

उपासमारीत बायकांची पाळी जाते, हे जुने निरीक्षण आहे. आपल्या मुंबई इलाख्यात १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा मृत्यू वाढलेच, शिवाय जन्मही घटले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमधल्या शहरांचे अन्न तुटले. तिथे असंख्य स्त्रियांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी पाळणे रिकामे राहिले. अन्न मिळू लागल्यावर बहुतेकींची पाळी परत आली. दुष्काळात नवरा-बायकोची ताटातूट आणि आजारपण हीही कारणे असतात. पण एक गोष्ट स्पष्ट होती. या बायकांच्या शरीरात खोट नव्हती. त्यांचे शरीर वाईट दिवसांत गर्भधारणा पुढे ढकलत होते. मग हा निर्णय घेत कोण होते?

राजा कोण, पिट्युटरी की मेंदू?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉईड, अॅड्रिनल, बीजकोश या सगळ्यांवर तिची सत्ता, म्हणून तिलाच सर्व ग्रंथींची राणी मानत. तिच्या वरच्या बाजूला बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान, भीती आणि राग यांच्याशी त्याचा संबंध आहे, हे माहीत होते. ब्रिटनमधले जेफ्री हॅरिस यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत दाखवून दिले की पिट्युटरी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. हायपोथॅलॅमस बारीक रक्तवाहिन्यांतून तिच्याकडे रासायनिक निरोप पाठवतो. हे अनेकांना पटेना. विरोधक म्हणत, निरोप असेल तर तो पदार्थ काढून दाखवा.

अमेरिकेत रोजे गिमाँ आणि अँड्र्यू शॅली या दोन शास्त्रज्ञांनी ते आव्हान घेतले. एकाने मेंढ्यांचे, दुसऱ्याने डुकरांचे मेंदू कत्तलखान्यांतून जमवले. लाखो हायपोथॅलॅमस वाटून हाती काय आले, तर मिलिग्रॅमच्या आसपास पदार्थ! १९६९ मध्ये थायरॉईडला जागवणारा निरोप ओळखता आला आणि १९७१ मध्ये पाळी चालवणारा, ज्याला आज जीएनआरएच म्हणतात. १९७७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि रोझलिन यॅलो यांना मिळून मिळाले. रक्तातले अत्यंत सूक्ष्म हार्मोन मोजण्याची पद्धत यॅलो यांनी शोधली होती. तुमच्या हातातला टीएसएच किंवा प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट त्याच पद्धतीच्या पुढच्या पिढीचा आहे.

पुढे माकडांवरच्या प्रयोगांत आणखी एक गंमत कळली. जीएनआरएच सतत दिले तर पिट्युटरी गप्प होते. साधारण तासाला एक ठोका अशा तालात दिले तरच ती काम करते. अन्न कमी, श्रम जास्त आणि मनावर ताण असेल, तर हा ताल मंदावतो. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे हार्मोन १९९४ मध्ये सापडले. घरात शिधा किती उरला आहे, ही खबर मेंदूला देणाऱ्यांत ते एक. शिधा संपत आला की हायपोथॅलॅमस आधी पाळी थांबवतो.

परळची प्रयोगशाळा आणि एक प्रामाणिक माणूस

या शोधांचा एक धागा मुंबईला येतो. डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचा अभ्यास मेंदू आणि प्रजननाच्या हार्मोन्सचा. पुढे ते परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यांची संस्था आणि केईएम रुग्णालयातल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका टेस्ट ट्यूब मुलीचा जन्म झाला. 'भारतातली पहिली' म्हणून तिची नोंद झाली.

पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच असे बाळ जन्माला आणल्याचे सांगितले होते. हार्मोनची इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे वाढवण्याची रीत त्यांनी वापरली होती. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

१९९७ मध्ये आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि जाहीरपणे लिहिले की पहिला मान त्यांचाच. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या नावावरचा मान सोडला. एखाद्याचे म्हणणे कागद न बघता खोटे ठरवले तर काय होते, हे या गोष्टीतून कळते. आपल्या घरातली सून 'वांझ' ठरवतानाही तपासणीचे कागद कोण बघतो?

मग काय करायचे?

तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना भेटा. आधी गर्भधारणा आहे का ते बघतात, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस. हायपोथॅलॅमसचे कारण निघाले तर खरे औषध म्हणजे पोटभर जेवण, थोडी विश्रांती आणि हलके मन. दुर्लक्ष करू नका, कारण इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर हाडे ठिसूळ होतात. पाळी नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असेही समजू नका. पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकते. मूल होत नसेल तर नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करा. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो.

त्या मुलीला मी दोन वेळा पोटभर जेवण लिहून दिले. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, आणि बागेतून आठवड्याला एक सुट्टी. सासूबाईंना सांगितले, "खोट नाही. हिचं शरीर उपाशी आहे, म्हणून मेंदूनं पाळी थांबवलीय." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्हालाबी तरुणपणी असंच व्हायचं."

सहा महिन्यांनी वजन ४१ किलो झाले आणि पाळी परत आली. मूल अजून झालेले नाही. पण पुढच्या खेपेला नवरा स्वतःच्या तपासणीसाठी बरोबर आला.