डीसीआयएस: लगेच ऑपरेशन की देखरेख?

डीसीआयएस म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीच्या आतच थांबलेल्या असामान्य पेशी. बहुतेक वेळा गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतच कळते. काहींमध्ये पुढे पसरणारा कॅन्सर होतो, काहींमध्ये कधीच नाही. कोणामध्ये होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून आजही नेहमीचा उपचार ऑपरेशनच आहे.

अमेरिकेत २०१७ मध्ये डॉ. शेली ह्वांग यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉमेट’ अभ्यास सुरू झाला. कमी जोखमीचा डीसीआयएस असलेल्या, वय ४० किंवा जास्त अशा ९५७ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशन सुचवले. दुसऱ्यावर दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करून नजर ठेवली, बिघाड दिसला तर ऑपरेशन. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला: दोन वर्षांत पसरणारा कॅन्सर पहिल्या गटात ५.९ टक्के, दुसऱ्यात ४.२ टक्के. मात्र दोन वर्षे हा काळ थोडाच आहे.

रुग्ण स्त्रिया या अभ्यासाच्या आखणीपासूनच सोबत होत्या. वेदना, चिंता, रोजचे जगणे यांचीही नोंद झाली. नेदरलँड्सच्या ‘लॉर्ड’ अभ्यासात तर गट चिठ्ठीने ठरणे अनेकींना पटेना. शेवटी निवड स्त्रीवरच सोपवली.

आपल्या अम्मी किंवा बहिणीला असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना विचारा: ग्रेड कोणता? हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आहे का? देखरेखीचा पर्याय लागू होतो का? घरच्यांनी मशवरा जरूर द्यावा, पण फैसला तिचा. आणि गाठ हाताला लागत असेल तर वाट पाहू नका, तपासणी लगेच करा.